अख्खा देश बास्केटबॉल खेळतो, मग एनबीएत फिलिपिन्समध्ये वाढलेला एकही पोरगा का नाही?

२०२३-२४ च्या सीझनला जपानच्या योकोहामा बी-कॉर्सेअर्स या टीममध्ये दोन पोरं एकत्र खेळत होती. एक युकी कावामुरा, जपानी, उंची १७२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. आपल्याकडे बसमध्ये शेजारी उभा राहिला तर कोणी वळून बघणार नाही एवढीच. दुसरा काई सोटो, फिलिपिनो, सात फूट तीन इंच. पुढच्याच सीझनला या दोघांपैकी एक जण मेम्फिस ग्रिझलीजच्या जर्सीत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, कोर्टवर उतरला. तो कावामुरा होता.

हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण फिलिपिन्स आणि बास्केटबॉल हा विषय निघाला की लोक दोन सेकंदात निकाल लावतात, अरे ते बुटके आहेत ना, संपला विषय. उंचीचा मुद्दा खोटा नाहीये, त्यावर येतोच. पण माझं म्हणणं असं की खरी अडचण उंचीच्या बरीच आधी सुरू होते. त्या देशातलं सगळं बास्केटबॉल, शाळेपासून प्रो लीगपर्यंत, घरच्या प्रेक्षकांसाठी आणि घरच्याच हिशोबाने चालतं, त्यातून जो खेळाडू तयार होतो तो घरात हिरो असतो आणि बाहेर गेला की कुठल्याच खाचेत बसत नाही.

आधी वेड किती आहे ते बघू. १८९८ नंतर अमेरिकन तिथे आले, त्यांनी शाळा काढल्या आणि शाळांमधून, वायएमसीएमधून हा खेळ आला. १९१३ ते १९३४ मध्ये फार ईस्टर्न गेम्स नावाच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात १९२१ सोडलं तर बास्केटबॉल दर वेळी फिलिपिन्सनेच जिंकलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पाचवा नंबर. १९५४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ, जे आजपर्यंत कुठल्याही आशियाई देशाचं या स्पर्धेतलं सगळ्यात मोठं यश आहे. आणि पीबीए ही त्यांची प्रो लीग १९७५ ला सुरू झाली, आशियातली पहिली, वयाने एनबीएच्या खालोखाल. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं तसं तिथे प्रत्येक बरांगायमध्ये, म्हणजे वॉर्डच म्हणा, एक कोर्ट असतं, पत्र्याचं छप्पर, कधी नुसती खांबाला ठोकलेली रिंग, आणि पोरं चक्क चपला घालून खेळतात. २५ ऑगस्ट २०२३ ला वर्ल्ड कपच्या पहिल्या दिवशी फिलिपिन्स विरुद्ध डॉमिनिकन रिपब्लिक मॅचला ३८,११५ लोक आले होते, वर्ल्ड कपच्या इतिहासातला रेकॉर्ड. मॅच हरले, तो भाग वेगळा.

आता कोणी म्हणेल, अहो पण जॉर्डन क्लार्कसन? जेलन ग्रीन? बरोबर, फिलिपिनो रक्ताची माणसं एनबीएत आहेत आणि चांगली आहेत. पहिला रेमंड टाउनसेंड, १९७८ ला गोल्डन स्टेट या टीमने घेतला. क्लार्कसन २०१४ ला ४६ व्या नंबरवर ड्राफ्ट झाला, म्हणजे एनबीएच्या वार्षिक निवडीत घेतला गेला, आणि २०२१ ला सिक्स्थ मॅन ऑफ द इयर, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांमधला सर्वोत्तम. जेलन ग्रीन २०२१ ला दुसऱ्या नंबरवर. डिलन हार्पर २०२५ ला, तोही दुसऱ्या नंबरवर, त्याची आई फिलिपिन्समध्ये जन्मलेली. मायामी हीटचा कोच एरिक स्पोल्स्ट्रा, त्याचीही आई फिलिपिनो, त्याने कोच म्हणून दोन टायटल जिंकलीत. पण सगळ्यांचं एक बघा, सगळ्यांचं बास्केटबॉल अमेरिकेत घडलंय. तिथली शाळा, तिथले कोच, उन्हाळ्यातल्या तिथल्या स्पर्धा. म्हणजे रक्तातच काही प्रॉब्लेम आहे वगैरे म्हणणाऱ्यांना इथेच उत्तर मिळतं. फिलिपिन्समध्येच वाढला, तिथेच खेळ शिकला आणि एनबीएची मॅच खेळला असा मात्र आजपर्यंत एकही नाही.

उंचीचं घेऊया. फिलिपिनो पुरुषाची सरासरी साडेपाच फुटांच्या आतच आहे, एनबीएची सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास. त्यात पाच वर्षांखालच्या साधारण चार मुलांमधल्या एकाची वाढ कुपोषणामुळे खुंटलेली असते, म्हणजे जे दोन-तीन इंच मिळायला हवे होते तेही गरिबीने खाल्ले, आणि यावर बास्केटबॉलवाले फारसं बोलत नाहीत. सात फुटी माणसं कमी जन्माला येणार, मान्य. पण ११ कोटींच्या वर लोकसंख्येत सहा फूट तीन-चार इंचांची पोरं शेकड्याने असतात, आणि एनबीएत, युरोपात त्या उंचीचे गार्ड, म्हणजे बॉल हातात ठेवून बाहेरून खेळ चालवणारे, भरपूर खेळतात. मग ती कुठे जातात?

तर ती बास्केटखाली जातात. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर. तिथे शाळेत सहा फूट दोन इंचाचा चौदा वर्षांचा पोरगा दिसला की कोचला लॉटरी लागल्यासारखं होतं, त्याला उचलून थेट सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी, उभा करतात, कारण समोरच्या टीममध्ये सगळे पाच फूट सहा. मॅच जिंकायच्या असतात, कोचची नोकरी त्यावर असते, त्यालाही दोष देता येत नाही. मग तो पोरगा पुढची आठ-दहा वर्षं काय शिकतो? पाठ लावून ढकलणं, रिबाउंड काढणं, रिंगजवळून बॉल टाकणं. बॉल घेऊन कोर्टभर पळायचं, समोरचा प्रेशर करतोय तेव्हा पास कुठे द्यायचा ते ठरवायचं, तीन पॉइंटच्या लाइनबाहेरून पटकन शॉट मारायचा, आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या चपळ गार्डसमोर कंबर वाकवून डिफेन्स करायचा, हे सगळं पाच फूट आठवाल्याचं काम. बाहेरच्या लीगमध्ये मात्र हाच सहा फूट दोन इंचवाला पॉइंट गार्डच्या मापाचा असतो. म्हणजे मापाने गार्ड, शिक्षणाने सेंटर. पीबीएत कॅल्विन अबुएवा सहा फूट दोन इंचावर पॉवर फॉरवर्ड, म्हणजे सेंटरच्या जोडीला रिंगजवळ खेळणारा, म्हणून वर्षानुवर्षं धुमाकूळ घालतोय, बघायला भयंकर मजा येते, पण त्या उंचीचा पॉवर फॉरवर्ड युरोपातल्या टॉप लीगमध्ये उभासुद्धा राहू शकणार नाही. आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी नवीन पोझिशन शिकायची म्हणजे नऊ-दहा वर्षं मागे जाऊन सुरुवात करायची.

आणि जे खरोखर गार्ड म्हणून घडतात ते पाच फूट सात-आठ. त्यातले काही अफाट असतात. जॉनी अबारिएंतोस, १९९६ चा पीबीए एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, पाच फूट सात, त्याच्यात शार्लट हॉर्नेट्सला इंटरेस्ट होता हा किस्सा मनिलात अजून सांगतात. झालं काही नाही. कावामुराचं झालं, का झालं ते पुढे येतं.

दुसरी गोष्ट वयाची, आणि ही मला उंचीपेक्षाही जास्त घातक वाटते. एनबीए ड्राफ्ट म्हणजे दर वर्षी दोन राउंडमध्ये जगभरातून साठच्या आसपास पोरं निवडतात. अमेरिकेबाहेरचा खेळाडू १९ व्या वर्षापासून नाव देऊ शकतो, आणि ज्या वर्षी तो २२ चा होतो त्या वर्षी आपोआप ड्राफ्टच्या यादीत येतो, त्याने काही केलं नाही तरी. त्या वर्षी कोणी घेतला नाही तर ड्राफ्टचा दरवाजा बंद, कायमचा. आता फिलिपिन्समधला टॅलेंटेड पोरगा २२ व्या वर्षी कुठे असतो? कॉलेजात! तिथली यूएएपी म्हणजे मनिलाच्या मोठ्या युनिव्हर्सिटींची लीग, अतेनेओ, ला साल, यूपी वगैरे, ती इतकी पॉप्युलर आहे की फायनलला अरेना फुल होतो, पोरं टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसतात. पाच सीझन खेळायला मिळतात, पोरं २३-२४ पर्यंत तिथेच रमतात. म्हणजे त्याचा एनबीए ड्राफ्ट येऊन गेला, त्याला कळलंही नाही, कोणी बातमीही दिली नाही.

उलट बाजूला बघा. लुका डॉन्चिच १३ व्या वर्षी घर सोडून माद्रिदला गेला आणि १६ व्या वर्षी रेआल माद्रिदच्या सीनियर टीममधून मोठ्या माणसांसमोर खेळला. जपानचा रुई हाचिमुरा १८ व्या वर्षी अमेरिकेत गोन्झागा कॉलेजला गेला, इंग्रजीची बोंब होती, तीन वर्षांत शिकला आणि २०१९ ला नवव्या नंबरवर ड्राफ्ट झाला. फिलिपिनो पोरांना तर इंग्रजी येतं, तो अडसर नाहीच. आणि कावामुराने टोकाईची युनिव्हर्सिटी मध्येच सोडून २० व्या वर्षी प्रो व्हायचं ठरवलं, २२ व्या वर्षी तो जपानच्या लीगचा एमव्हीपी होता. तेवढ्याच वयाचा फिलिपिनो गार्ड कॉलेजातला स्टार असतो, समोर १९-२० वर्षांचीच पोरं. थर्डी रवेना, तीन वेळा यूएएपी फायनल्स एमव्हीपी, त्याच्याकडे शरीर होतं, उडी होती, सगळं होतं, पण देश सोडून जपानला गेला तेव्हा २३ पूर्ण.

मग लवकर बाहेर का पडत नाहीत? कारण घर उबदार आहे. पीबीएत स्थानिक खेळाडूचा जास्तीत जास्त पगार महिन्याला ४,२०,००० पेसो, आपले सहा लाखांच्या वर, शिवाय बोनस, जाहिराती, आणि तिथली लोकप्रियता अशी की रिटायर झाल्यावर सिनेमात नाहीतर राजकारणात. टीमही शहरांच्या नाहीत, कंपन्यांच्या. बरांगाय गिनेब्रा म्हणजे जिन दारूचा ब्रँड, रेन ऑर शाइन म्हणजे पेंट, मॅग्नोलिया म्हणजे चिकन-आइस्क्रीमवाले. कंपनीला टीम जाहिरातीसाठी हवी, तिला खेळाडू घडवून बाहेर विकायचा धंदा नाहीच करायचा. युरोपात क्लबला एनबीएकडून बायआउटचे, म्हणजे खेळाडूला करारातून सोडण्याचे, पैसे मिळतात म्हणून क्लब पोरगा घडवतो, इथे गिनेब्राला स्टार परदेशी गेला तर फक्त तोटाच, प्रेक्षक कमी. जगात बाकी सगळीकडे ज्या पैशाच्या लोभाने खेळाडू वर सरकतो तो लोभ इथे उलटा काम करतो. आणि मुलाच्या बाजूने विचार करा, बाप ट्रायसिकल, म्हणजे तिथली रिक्षा, चालवतोय, बहिणीचं शिक्षण बाकी आहे, आणि तुम्हाला कोणी सांगतंय की पीबीएचा पगार सोडून अमेरिकेत जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, खेळ, बसने प्रवास, हजारभर लोकांसमोर, पगार कमी आणि पुढे काय होईल माहीत नाही. मीही नाही गेलो असतो.

त्यात पीबीएच्या तीन स्पर्धांपैकी दोन स्पर्धांत प्रत्येक टीमला एक परदेशी खेळाडू घेता येतो, त्याला इम्पोर्ट म्हणतात. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल त्याच्याच हातात. म्हणजे मॅच अडकलेली असताना स्थानिक स्टार कोपऱ्यात उभा राहून पासची वाट बघतो. ज्या क्षणांमध्ये माणूस घडतो ते क्षणच भाड्याने दिलेत. लोकांना इम्पोर्ट आवडतात हे खरं, जस्टिन ब्राउनलीला तर त्यांनी नागरिकत्व दिलं आणि त्याच्या जोरावर २०२३ ला हांगझोउला एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, १९६२ नंतर पहिल्यांदा. पण तीही राष्ट्रीय टीमची गोष्ट झाली, स्थानिक पोरांच्या खेळाची नाही.

कोणी प्रयत्नच केला नाही असं नाही. जाफेथ अगिलारला २०१२ ला डी-लीगच्या (जी लीगचं जुनं नाव) ड्राफ्टमध्ये सांताक्रूझ वॉरियर्सने घेतलं, सीझन सुरू व्हायच्या आधीच काढलं. बॉबी रे पार्क्स ज्युनियर २०१५ ला डॅलसच्या टीमकडून समर लीगमध्ये, म्हणजे एनबीए टीम नवी पोरं पारखतात त्या उन्हाळी स्पर्धेत, आणि मग टेक्सास लेजंड्सकडून डी-लीगमध्ये खेळला, तोपर्यंत तोही कॉलेज संपवून २२ चा झालेला. कोबी पारासने वेगळा रस्ता धरला, शाळेतच लॉस एंजेलिसला गेला, यूसीएलए सारख्या कॉलेजने जागा दिली, देशात दिवाळी झाली असेल, आणि मग प्रवेशाच्या शैक्षणिक अटींवर गाडी अडली. क्रेटनला गेला, खेळायला फार मिळालं नाही, तिथून नॉर्थरिज, तिथून परत मनिलाला यूपीकडे. अमेरिकन कॉलेजचा रस्ता सरळ दिसतो पण त्यात कुठल्या विषयात किती मार्क, कुठली परीक्षा, हे सगळं नववी-दहावीपासून कोणीतरी बघावं लागतं, आणि तिथे ते बघणारं कोणी नसतं. कोच असतो, एजंट असतो, फॅन तर लाखो असतात.

आणि मग काई सोटो. याच्यावर अख्ख्या देशाचा डाव लागलेला होता. बाप एर्विन सोटो पीबीएत खेळलेला, पोरगा अतेनेओच्या शाळेत, १७ वर्षांखालच्या आणि १९ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला तेव्हा जगाला दिसला. २०१९ ला, १७ व्या वर्षी, अटलांटाला गेला. म्हणजे वयाची चूक त्याने केली नाही. २०२० ला एनबीएने जी लीग इग्नाइट नावाची खास टीम काढली, ड्राफ्टआधीच्या पोरांना तयार करायला, त्यात काईला घेतलं. त्याच टीममध्ये जेलन ग्रीन होता, आणि आपला पंजाबचा प्रिन्सपाल सिंगही होता. आईकडून फिलिपिनो असलेला ग्रीन आणि फिलिपिन्समधून आलेला काई एकाच ड्रेसिंग रूममध्ये, याहून स्वच्छ तुलना मिळणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला राष्ट्रीय टीम गिलासच्या आशिया कप क्वालिफायर होत्या, काई त्या खेळायला मायदेशी गेला. कोविडचे दिवस, सामने आधी फिलिपिन्समधून दोहाला हलवले, मग दोहाचेही रद्द झाले. इकडे इग्नाइटचा बबल, म्हणजे कोविडमुळे सगळ्यांना एकाच जागी बंदिस्त ठेवून घेतलेला सीझन, सुरू झाला आणि टीमने सांगितलं की काई आता नसेल. ना गिलास खेळला ना इग्नाइट. ग्रीन त्याच वर्षी दुसऱ्या नंबरवर ड्राफ्ट झाला.

इथे मला राग काईचा येत नाही. १८ वर्षांच्या पोराला देशासाठी खेळ म्हटल्यावर तो नाही कसं म्हणणार, आणि म्हटलं असतं तर सोशल मीडियाने सोलून काढला असता. तिथे राष्ट्रीय टीम म्हणजे काय भावना आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण खेळाडूचं करिअर आणि टीमचं कॅलेंडर यात त्याच्या बाजूने कोणीतरी ठामपणे उभं राहायला हवं होतं.

पुढे तो ऑस्ट्रेलियात ॲडलेड ३६र्स मध्ये गेला, जिथे आदल्याच सीझनला खेळून जॉश गिडी सहाव्या नंबरवर ड्राफ्ट झाला होता. पण काईला मिनिटं तुकड्या-तुकड्याने मिळाली. २०२२ च्या ड्राफ्टला तो होता, कोणी घेतला नाही. खरं बोलायचं तर कारणंही होती, अंगाने बारीक, पायाने हळू, आणि आजच्या एनबीएत सेंटरला लांब बाहेर येऊन गार्डला अडवावं लागतं, सात फूट तीन इंचाची उंची तिथे ओझं होते. २०२३ ला जपानला गेला, त्याच उन्हाळ्यात ऑरलँडोकडून समर लीगमध्ये होता, मग पुन्हा जपान, आणि जानेवारी २०२५ ला तिथल्याच कोशिगायाकडून खेळताना गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा मुख्य अस्थिबंध, तुटला. मोठ्या शरीराला ही दुखापत फार महाग पडते.

ड्राफ्ट हुकला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, मागचं दार असतं. ते असं: टीम तुम्हाला ट्रेनिंग कॅम्पपुरता छोटा करार देते, त्याला एक्झिबिट १० म्हणतात, कॅम्पमध्ये आवडलात तर टू-वे करार, म्हणजे अर्धा वेळ जी लीग, अर्धा वेळ एनबीए. एका टीममध्ये १५ पक्के खेळाडू आणि ३ टू-वे, तीस टीम, एकूण ५४० जागा अख्ख्या जगासाठी. कावामुरा याच दारातून गेला. पण हे दार ज्यांना उघडतं त्यांच्यात एक गोष्ट लागते, एखादं कौशल्य जे पहिल्या दिवशी वापरता येईल. त्याचा पास आणि वेग तसा होता, आणि तो रोज परदेशी सेंटरसमोर, अमेरिकन गार्डसमोर, प्रो लीगमध्ये, बॉल स्वतःच्या हातात ठेवून घासून तयार झालेला होता.

म्हणून मला खरी हालचाल एनबीएत नाही, जपान-कोरियात दिसते. जपानची बी.लीग २०१६ ला सुरू झाली, त्याआधी दोन लीगच्या भांडणापायी फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, जपानला सस्पेंड केलं होतं, म्हणजे दहा वर्षांपूर्वी ते फिलिपिन्सच्या मागे होते असं म्हटलं तरी चालेल. २०२० पासून त्यांनी आशियाई कोटा ठेवला, परदेशी खेळाडूंच्या जागांशिवाय एक जागा आशियाई देशांच्या खेळाडूसाठी. थर्डी रवेना पहिला गेला. मग रांग लागली. २०२१ ला त्याचा भाऊ किफर रवेनाने पीबीएच्या एनएलएक्स टीमशी करार चालू असताना जपानच्या शिगा टीमशी बोलणी केली तेव्हा पीबीए भडकली, आधी नाही म्हटलं, बराच घोळ झाला, शेवटी सोडलं. आंतरराष्ट्रीय नियमात एका देशाच्या लीगमधून दुसरीकडे जाताना आपल्या फेडरेशनकडून क्लिअरन्सचं पत्र लागतं, त्यामुळे घरच्यांनी अडवायचं ठरवलं तर अडवता येतं.

कोरियाने २०२२ ला दार उघडलं आणि तिथे निकाल लगेच दिसले. आरजे अबारिएंतोस, त्या जॉनीचाच पुतण्या, पहिल्याच सीझनला रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्यांमधला सर्वोत्तम. रेन्झ अबांडोच्या टीमने २०२३ ला टायटल जिंकलं. आणि कार्ल तमायो, जो मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, यूपीतले सीझन शिल्लक असताना कॉलेज सोडून जपानला गेला, जेमतेम २१-२२ वर्षांचा होता, तिथे बेंचवर बसला, मग कोरियात चांगवॉनला गेला आणि २०२५ ला त्याच्या टीमने लीग जिंकली. अंगाने तो फॉरवर्ड, पण बाहेरून शूट करणारा. मनिलात राहिला असता तर आणखी दोन वर्षं रिंगखाली उभा राहिला असता. आता प्रश्न असा आहे की कोरियातून पुढे कोणी निघतो का, की तिथला पगार मनिलापेक्षा बरा आहे म्हणून तेच नवीन घर होतं. आत्तापर्यंत तरी तिथे गेलेले बहुतेक जण एकतर तिथेच राहिलेत नाहीतर पीबीएत परतलेत.